हळद घेताना रंग बघू नका, हळकुंड मोडून बघा

मसाल्यांच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त फोन आले ते हळद पावडरच्या धंद्यासाठी. म्हणून आज थोडं सविस्तर.

कराडच्या बॅचमधल्या एका ताईंनी पहिलीच खरेदी केली पाच पोती. माल पिवळाधमक, भाव बाजारापेक्षा कमी. दळून आणली तर पावडर मातकट, गिऱ्हाईक परत येईना. "सर, वरून तर सोन्यासारखी होती!" वरूनच होती, ताई. आत काय आहे ते कुणी बघितलंच नव्हतं.

आता मुळापासून समजून घ्या. अक्षय तृतीयेच्या आसपास लागण सुरू होते, पीक आठ-नऊ महिने जमिनीत असतं, आणि पाला वाळला की जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. सातारा असो वा सांगली, इथवर शेतकऱ्याची मेहनत सारखीच. पण हळदीचा दर्जा शेतात अर्धाच ठरतो. उरलेला अर्धा ठरतो शिजवताना आणि वाळवताना, आणि धंदेवाल्याला हेच माहीत नसतं.

गड्डा जाड, हळकुंड बारीक. दोन्ही एकत्र शिजवले तर एक कच्चं राहतं नाहीतर दुसरं जास्त शिजतं. म्हणून चांगला शेतकरी दोन्ही वेगळं करून शिजवतो. पूर्वी गुळाच्याच काहिलीत शिजवायचे, आता वाफेचे कुकर आलेत. शिजली का हे बघायला काडी टोचतात, सहज आत गेली की उतरवायची. मग दहा-पंधरा दिवस ऊन. ताडपत्रीवर किंवा स्वच्छ खळ्यावर पातळ थर हवा, मातीवर नको. वाळलेली हळकुंडं एकमेकांवर आपटली की खणखण वाजतात. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून साधारण वीस-पंचवीस किलोच उरते, त्यामुळे थोडी ओल ठेवून विकायचा मोह कुणालाही होतो. रागावण्यासारखं नाही, पण पैसे आपले जातात!

हिशोब करा. समजा भाव किलोला 150 रुपये. एका मालात ओलावा 9 टक्के, दुसऱ्यात 14. दिसायला दोन्ही सारखेच. पण दुसऱ्यात क्विंटलमागे पाच किलो पाणी जास्त, म्हणजे 750 रुपये पाण्याचे दिले. वर बुरशीची भीती वेगळीच.

वाळल्यावर ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात. साल निघते, चकाकी येते. इथेच नवखा माणूस फसतो, कारण पॉलिश फक्त वरचं झाकतं.

सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी जुना खरेदीदार बघा. तो ढिगातून हळकुंड उचलतो आणि कट्कन मोडतो. आतून एकसारखं, चकचकीत, केशरी-पिवळं असेल तर माल बरोबर. मध्ये पांढरट, खडूसारखं दिसलं तर कच्चं शिजलंय. काळपट, निस्तेज असेल तर जास्त शिजलंय. पोकळ किंवा भोकं असतील तर कीड. मोडताना वाकलं, तुटलं नाही, तर ओल आहे. ढिगाच्या वरचं एकच नको, तळातून दहा-बारा काढा. हळकुंड, गड्डा आणि कणी यांचे भाव वेगवेगळे असतात, त्यामुळे हळकुंडाच्या पोत्यात गड्डे किती मिसळलेत तेही बघा. ॲगमार्कची प्रतवारीसुद्धा तुकडे, गड्डे आणि काडीकचरा किती, यावरच चालते.

जात विचाराच. राजापुरीचं हळकुंड आखूड, ठसठशीत, सेलमचं लांब. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यामुळे बाहेरून आलेला माल सांगलीची हळद म्हणून पाकिटात भरू नका. यार्डात बाहेरच्या मालाला परपेठ म्हणतात, तो वाईट असतो असं नाही, पण लेबल खरं हवं.

तयार पावडर घेणाऱ्यांनी ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून बघावी. शुद्ध असेल तर खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. पाणी एकदम गडद झालं तर रंग घातलाय, तो माल तिथेच सोडा.

एक आठवण. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं ऐकली असतील. जमिनीखालच्या या खोल खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं राहायची. तोंड बंद केलं की आत हवा उरत नाही, कीड टिकत नाही. 2005 च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. आपल्याकडे पेव नाही, तेव्हा कोरड्या जागी, भिंतीपासून लांब, फळीवर पोती ठेवा आणि दोन-तीन महिन्यांपुरतंच घ्या.

ताईंनी दुसऱ्या वेळी एकच पोतं घेतलं, तेही यार्डात वीस हळकुंडं मोडून. व्यापारी म्हणाला, "ताई, सगळंच मोडणार काय?" त्या म्हणाल्या, "मोडलेली वजनात धरा की!"