जंगलातल्या सायकलवाटा

माउंटन बाइक ट्रेल सेंटर म्हणजे जंगलात खास सायकलींसाठी आखलेल्या अरुंद, एकेरी वाटांचं जाळं. वेल्समधल्या कोइड अ ब्रेनिनच्या सरकारी जंगलात १९९०च्या दशकात अशा वाटा तयार झाल्या आणि ब्रिटनभर त्यांचं अनुकरण झालं.

तिथे वाटांना रंग असतात: हिरवी सोपी, निळी मध्यम, लाल अवघड, काळी फक्त कसलेल्यांसाठी. वळणं बाहेरच्या बाजूने उंचावलेली असल्याने वेगातही चाकाची पकड टिकते. उतारावर सीटवरून उठून गुडघे-कोपर सैल सोडायचे आणि नजर पुढच्या वळणावर ठेवायची. पुढचाच ब्रेक करकचून दाबला, तर स्वार हँडलवरून फेकला जाऊ शकतो.

आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातही सागाचं जंगल आहे. पण तिथलं टिपेश्वर अभयारण्य हे वाघांचं घर. तिथे पर्यटक गाइडसोबत वाहनातूनच फिरतात. शिवाय पावसात इथली काळी माती चाकाला लपेटते आणि सायकल जागीच अडते. असा चिखल टाळण्यासाठीच ट्रेल सेंटरमध्ये वाटेवर खडी दाबून बसवतात, पाणी बाजूला काढून देतात.

जंगलात सायकल चालवून पाहायचीच असेल, तर मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात भाड्याच्या सायकलने कान्हेरी लेण्यांकडे जाता येतं. रस्ता डांबरी असला तरी चढाचा आहे; नवख्यांना गिअर बदलण्याचा चांगला सराव होतो.