गणपतीपुरता महामार्ग?

श्रावण अर्धा सरला की गिरगावातल्या गप्पा आपोआप कोकणाकडे वळतात. खोताच्या वाडीत समोरून दुचाकी आली तर माणसाला ओट्याला खेटून उभे राहावे लागते, पण वाद रंगतात ते सहा पदरी रस्त्यांवर. यंदा एका तरुणाने विषय काढला, "काका, कोकण एक्स्प्रेस वे झालाच पाहिजे. वडखळला अडका, माणगावला अडका, किती वर्षं काढायची अशी?" मूळचे कणकवलीकडचे काका म्हणाले, "अरे, गावात मानूस रवलो नाय, आनि रस्तो सहा पदरी कोणासाठी?"

काकांच्या बाजूने जनगणना आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची चक्क घटली. रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्ग साडेआठ लाखांच्याही किंचित खाली. तरुणाच्या बाजूने आहे मुंबई-गोवा महामार्ग. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि २०२५ च्या गणपतीतही रस्ता सलग पूर्ण नव्हता. मधल्या काळात या रस्त्याने तारखा दिल्या, मंत्र्यांचे पाहणी दौरे दिले आणि खड्डे तर दिलेच.

आता त्याच पट्टीत आणखी एक रस्ता येऊ घातला आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाचा कोकण द्रुतगती महामार्ग रायगडातून निघून सिंधुदुर्गात गोव्याच्या हद्दीला भिडणार. लांबी पावणेचारशे किलोमीटरच्या वर. शेजारी हाच मुंबई-गोवा रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ आहे, किनाऱ्याने मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून चर्चेत असलेला रेवस-रेड्डी सागरी मार्ग आहे, आणि १९९८ पासून कोकण रेल्वे आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत एवढे सगळे. एवढ्या वाहतुकीला एवढा रस्ता लागतो का, हे ठरवतात तरी कसे?

त्यासाठी अभियंत्यांचे एक माप आहे, पॅसेंजर कार युनिट, बोलीत पीसीयू. रस्त्याने जाणारे प्रत्येक वाहन मोटारीच्या हिशेबात मोजायचे. मोटार १, दुचाकी अर्धी, एसटी किंवा ट्रक ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार. आणि बैलगाडी? ८. ती हळू चालते, मागची रांग अडवते, म्हणून भारतीय रस्ते काँग्रेसच्या तक्त्यात तिला एवढा मान. सपाट भागातल्या दोन पदरी रस्त्याला दिवसाला १५ हजार पीसीयू झेपतात असे हा तक्ता धरतो. राष्ट्रीय महामार्ग चौपदरी करायचा तर केंद्राचा उंबरठा आधी १५ हजारांचा होता, पुढे तो १० हजारांवर आणला गेला.

या तक्त्यात एक गंमत आहे. बैलगाडी, ट्रॅक्टर, सहा आसनी रिक्षा, दुचाक्या हे सगळे जुन्या रस्त्याच्या गणतीत भरघोस धरले जातात आणि रस्ता अपुरा ठरवायला हातभार लावतात. पण त्याला पर्याय म्हणून प्रवेश-नियंत्रित महामार्ग आला की या सगळ्यांना तिथे बंदी. उरतात मोटारी, बस आणि ट्रक. म्हणजे ज्या वाहनांवर खेडे चालते, नेमकी तीच बाहेर. राजापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीतून मोटारसायकलने बाजाराला जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने असा महामार्ग म्हणजे कुंपण घातलेला लांबलचक बांध. पलीकडच्या काजूच्या बागेत जायला बोगदा कुठे ठेवलाय, हे त्याने आधी बघायचे.

दुसरा मुद्दा गणपतीचा, आणि तो सगळ्यात रंजक आहे. वर्षाचे तास ८,७६०. प्रत्येक तासाला किती गाड्या गेल्या ते मोजून सर्वांत गर्दीचा तास वर, असे उतरत्या क्रमाने लावायचे. रस्ता पहिल्या क्रमांकाच्या तासासाठी बांधत नाहीत. तिसाव्या तासासाठी बांधतात. अमेरिकेत रुळलेला हा संकेत आपल्याकडे स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनाही शिकवतात. वरचे एकोणतीस तास कोंडी होणार हे मान्य करूनच आराखडा काढायचा, कारण तेवढ्यासाठी वर्षभर रिकामा राहणारा रस्ता परवडत नाही. मुंबई-गोवा मार्गावर जायचे दोन-तीन दिवस आणि परतीचे तितकेच धरले तर तिसावा तासही गणपतीतलाच निघेल. म्हणून सणाच्या किंवा पर्यटनाच्या रस्त्यांवर रांगेत आणखी खाली उतरून आकडा घ्यावा लागतो. थोडक्यात, शास्त्र सांगते की गणपतीची गर्दी हे महामार्ग बांधण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि कोकणातल्या प्रत्येक रस्त्याच्या भाषणात पहिले कारण तेच असते!

पैशाचा हिशेब तर आणखी विचित्र. असे रस्ते टोलवर उभे राहतात. पण गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना सरकार टोलमाफी देते, आणि ती न देण्याची छाती कोणत्याही पक्षात नाही. ज्या दिवसांसाठी रस्ता हवा म्हणायचे त्या दिवशी उत्पन्न शून्य. बाकीचे दिवस वाहने कमी.

विरोधी युक्तिवादही हलका नाही. रस्ता वाईट म्हणून वाहतूक नाही, वाहतूक नाही म्हणून रस्ता नाही, हे चक्र कुणीतरी तोडायला हवे, असे समृद्धी महामार्गाच्या वेळी सांगितले गेले. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये झाल्यावर ७०१ किलोमीटर पुरे झाले. नागपूरहून मुंबईला येणाऱ्याचा वेळ वाचला, यात वाद नाही. पण ७०१ किलोमीटरवर इंटरचेंज पंचवीसच्या आसपास, म्हणजे सरासरी अठ्ठावीस किलोमीटरला एक. इंटरचेंजजवळच्या जमिनीला सोन्याचा भाव, मधल्या गावाला पुलाखालची सावली. रस्त्यालगत कृषी समृद्धी नवनगरे वसणार होती. रस्ता पूर्ण झाला तेव्हा ती बहुतेक कागदावरच होती. रिकाम्या सरळ रस्त्याचा आपला एक धोकाही असतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हा एकसुरी रस्त्यावर चालकाला येणारी गुंगी घरोघरी चर्चेत आली.

अमेरिकेची गोष्ट इथे उपयोगी आहे. १९५६ च्या कायद्याने ४१ हजार मैलांचे आंतरराज्य जाळे ठरले, त्यात ९० टक्के पैसा केंद्राचा. तरीही सुरुवातीला विरळ वाहतुकीच्या भागात दोन पदरी रस्ता चालेल अशी मुभा होती; सगळीकडे किमान चार पदर सक्तीचे झाले ते १९६६ मध्ये. स्वीडनने उलट वाट धरली. १९९८ पासून त्यांनी रुंद दोन पदरी रस्त्यांचेच तीन पदर केले, मधे तारेचा कठडा घातला, आणि ओव्हरटेकसाठीचा जादा पदर काही अंतर या बाजूला, काही अंतर त्या बाजूला दिला. समोरासमोरच्या धडका जवळपास संपल्या, मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले, आणि खर्च महामार्गाच्या मानाने किरकोळ. आपल्याकडे मात्र रस्ता एकतर खड्ड्यांचा असतो नाहीतर उद्घाटनाचा. मधले काही कुणाला सुचत नाही.

माझे मत काकांच्या बाजूला झुकते, त्यांच्याइतके निराश नसले तरी. कोकणाला चांगला रस्ता हवाच. तो रस्ता ६६ नंबरचा आहे, आणि तो पुरा करायचा आहे. मनात आणले तर होते, हे महाडने पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या पुरात गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. परशुराम घाटात दरड कोसळणे थांबवणे, बाजारपेठांची बाह्यवळणे मार्गी लावणे, फाट्यापासून गावापर्यंतचा डांबरी रस्ता पावसाळ्यात टिकवणे, ही कामे दिखाऊ नाहीत. जांभ्याच्या डोंगरात नव्याने शंभर मीटर रुंदीची कटिंग करून तीन हजार मिलिमीटरच्या पावसाला आमंत्रण देण्यापेक्षा ती स्वस्त मात्र आहेत.

राहिली गणपतीची गर्दी. ती मुळात मोटारींची नाही, माणसांची आहे. गणपतीला एसटीच्या पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सुटतात, आणि एका एसटीत बसतात तेवढी माणसे न्यायला दहा-बारा मोटारी लागतात. २०२५ मध्ये कोकण रेल्वेने मोटारीसुद्धा रेल्वेवर चढवून न्यायची सोय केली, कोलाड ते वेर्णा. त्यापेक्षा मोठा उपाय रुळांवरच आहे. रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे मात्र रूळ एकेरीच, आणि समोरची गाडी येईपर्यंत गणपती स्पेशल क्रॉसिंगला थांबते.