हाताचं पहिलं वर्ष

बाळ बघायला येणारे आधी चेहरा बघतात. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, रंग कुणावर गेला, याचा निकाल चहा येईपर्यंत लागलेला असतो. हात कुणी बघत नाही. बघायला मिळतही नाहीत म्हणा, कारण नखांनी ओरबाडून घेईल म्हणून त्यांवर झबल्याच्या रंगाचे मोजे चढवलेले असतात. माझ्या लेकीचे मोजे मी लवकरच काढून टाकले आणि ती झोपली की नखं कापायची असं ठरवून टाकलं. त्यानंतर वर्षभर तिच्यात जे काही बदलताना मी पाहिलं, त्यातलं निम्मं तरी त्या दोन हातांत होतं.

तिला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींचं मात्र हातांकडे पहिल्या दिवसापासून लक्ष होतं. पाय पसरून बाळाला त्यावर घ्यायचं, तेल जिरवायचं, छाती-पाठ-पाय झाले की मुठीकडे वळायचं, असा त्यांचा क्रम. मूठ बोटं ओढून उघडायची नाही, हा त्यांचा नियम. करंगळीच्या कडेने हाताच्या पाठीवर हलकेच अंगठा फिरवला की ती आपोआप सैल होते. आत दुपट्याचे धागे, तेलकट मळ आणि दुधाचा आंबूस वास. बोटांच्या बेचक्यांतून तो मळ काढता काढता मावशी बाळाचा अंगठा बघायच्या. "अजून आतच धरते गं. सुटेल तिसऱ्या महिन्यात." पुढे लशीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनीही तेच तपासलं. तीन महिने उलटून गेले तरी मूठ सतत आवळलेलीच आणि अंगठा आत दडलेला असेल, तर स्नायूंच्या ताठरपणाची शंका घेऊन नीट तपासणी करावी लागते. मावशींनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. गावातली किती बाळं त्यांच्या पायांवरून गेली असतील कुणास ठाऊक.

तळव्याला बोट टेकवलं की नवजात बाळ ते घट्ट धरतं. आमच्याकडे आलेल्या एका आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बघ, कसं ओळखलं मला!" मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर त्या पकडीत ओळख नसते आणि मायाही नसते. ती आपसूक होणारी क्रिया आहे, तिला मेंदूच्या वरच्या मजल्यावरच्या हुकमाची गरज लागत नाही. गर्भात असल्यापासून ती सुरू झालेली असते. तिचा जोर मात्र थक्क करणारा. १८९१ साली लुई रॉबिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टराने नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या मुठीत काठी देऊन ती वर उचलून पाहिली, आणि त्यातली बहुतेक बाळं स्वतःचं वजन पेलत काही सेकंद लोंबकळत राहिली. (त्या बाळांच्या आज्या तेव्हा कुठे होत्या, हा प्रश्न मला हे वाचल्यापासून पडलेला आहे.)

पण हीच पकड माझ्या लेकीला सोडता येत नव्हती. पहिल्या-दुसऱ्या महिन्यात माझ्या वेणीचं टोक तिच्या मुठीत अडकलं, की ओढलं जातंय म्हणून मी कळवळायची आणि हात अडकलाय म्हणून ती रडायची. 'सोड' असं स्वतःच्या हाताला सांगायची सोयच तिच्यापाशी नव्हती. धरणं तिला जन्माबरोबर मिळालं होतं. सोडणं शिकायचं होतं, आणि त्याला जवळजवळ वर्ष लागणार होतं.

सुरुवातीला हात तिचे आहेत हे तिला माहीतच नव्हतं. मान उजवीकडे वळली की उजवा हात तलवार रोखल्यासारखा ताठ पुढे जायचा आणि डावा कोपरात दुमडायचा. मान डावीकडे वळली की उलट. या वयातल्या बहुतेक बाळांचं असंच असतं आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यादरम्यान ते जातं. पण त्या ताठ हाताचा एक फायदा होतो. बाळाला जेवढ्या अंतरावरचं स्पष्ट दिसतं, साधारण वीतभर किंवा थोडं अधिक, त्याच्या आसपास त्याचीच मूठ येऊन थांबते. मग एका दुपारी मी बघितलं, पाळण्यात ती गप्प पडली होती आणि डोळ्यांसमोरच्या मुठीकडे एकटक बघत होती. मूठ जराशी वळली. डोळे तिच्यामागे गेले. करंगळी उघडली, मिटली. भुवया वर चढल्या. मूठ नजरेच्या टप्प्यातून बाहेर गेली तेव्हा ती तिला शोधू लागली, पण डोळ्यांनीच. हात परत आणायचा असतो हे अजून उमगलेलं नव्हतं. पाळण्यावर रंगीत चिमणाळं टांगलेलं होतं, त्याच्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

त्या चिमणाळ्याची पाळी महिनाभराने आली. आधी नुसते फटके. तेही खांद्यातून, सगळा हात एकदम. हातावरचा ताबा खांद्याकडून कोपराकडे, कोपराकडून मनगटाकडे आणि शेवटी बोटांत उतरतो, हे पुस्तकात एका ओळीत असतं. पाळण्यापाशी बसून बघितलं तर त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. फटका चुकून चिमणीला लागायचा, चिमणी हलायची, ती दचकायची. मग दोन्ही हात छातीवर एकत्र यायला लागले, बोटांनी बोटं चाचपायला लागली. चौथ्या महिन्याच्या अखेरीस हात नेम धरून पुढे गेला आणि चिमणीची शेपटी मुठीत आली. तिथून थेट तोंडात. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, "अगं, घाण!" म्हणून ती काढून घेतली, मी धुऊन परत दिली. या वयात तोंड हा बाळाचा तिसरा हात समजावा. वस्तू गुळगुळीत आहे की खरखरीत, मऊ की टणक, याची चौकशी तिथेच होते.

मी एका वहीत तारखा टाकून हे लिहीत होते, याची घरात थट्टा व्हायची. पण या नादाला चांगले पूर्वज आहेत. चार्ल्स डार्विनने १८३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या आणि १८७७ साली त्यावर लेख छापला. त्यात हाताबद्दलची एक नोंद मला फार आवडते. मुलगा ७७ दिवसांचा असताना त्याने दुधाची बाटली उजव्या हाताने धरली. दाईने कुठल्याही बाजूला घेतलं तरी उजव्यानेच. डार्विनने डाव्या हाताने धरायला लावून पाहिलं, पण आठवडाभर त्याला यश आलं नाही. यावरून कुणीही म्हटलं असतं, पोरगा उजखोरा. मोठेपणी तो डावखोरा निघाला, आणि हेही डार्विनने त्याच लेखात लिहून टाकलं आहे. त्यामुळे माझी लेक खुळखुळ्याला आधी डावा हात घालायला लागली तेव्हा आईंनी "डावरी होणार वाटतं" अशी काळजी सुरू केली, तरी मी तिकडे लक्ष दिलं नाही. पहिल्या वर्षात बाळ हात बदलत राहतं. उलट एकच हात सारखा वापरला आणि दुसरा नुसता पडून राहिला, तर तेच डॉक्टरांना सांगायला हवं.

तक्त्यांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक आईबापाला पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेला, भारतासह पाच देशांतल्या मुलांवरून केलेला एक तक्ता आहे. त्यात बसणं, रांगणं, धरून उभं राहणं, धरून चालणं, न धरता उभं राहणं आणि एकटं चालणं असे सहा टप्पे आहेत. त्यातला एकटं चालण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे, आणि शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती. एवढा ऐसपैस तक्ता समोर असताना सोसायटीच्या बागेतली "आमचा तर दहाव्यातच चालला" ही स्पर्धा कशासाठी चालते ते मला कळत नाही. पण माझी तक्रार वेगळी आहे. या सहा टप्प्यांत हाताचा एकही नाही.

हातांकडे बारकाईने बघणारी मोजपट्टी आपल्याकडेच तयार झाली. बडोद्यातल्या बाळांच्या अभ्यासातून प्रमिला फाटक यांनी ती १९७० साली सिद्ध केली आणि १९९७ साली तिची सुधारित आवृत्ती आली. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिच्यात हालचालींच्या ६७ आणि आकलनाच्या १६३ कसोट्या आहेत. वेळेआधी जन्मलेली किंवा जन्मताना त्रास झालेली बाळं आजही या मोजपट्टीने तपासली जातात. महिनाभर आधी आलेल्या बाळाचं वय मोजताना तो महिना वजा करायचा असतो, हे मात्र घरोघरी सांगायला हवं; नाहीतर आज्या-मावश्या उगीच त्या आईचा जीव खातात.

उष्टावणाच्या दिवशी मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली आणि लेकीने चमचाच धरला. अख्ख्या पंजाने, मूठ आवळून. पण मी बघत होते ते पुढचं. तिने चमचा डाव्या हातात घेतला आणि उजव्याने वाटी गाठली. महिन्यापूर्वी दुसरी वस्तू दाखवली की पहिली हातातून गळून पडायची; दोन गोष्टींचं भान एका वेळी ठेवणं जमायचंच नाही. आता एका हातातून दुसऱ्यात देवाणघेवाण चालू झाली होती. खीर अर्थातच मामाच्या सदऱ्यावर गेली.

यानंतर पकड सरकू लागते. आधी वस्तू करंगळीच्या बाजूने तळव्यात ओढली जायची, मग मधल्या बोटांनी, मग अंगठ्याच्या बाजूने. आठव्या महिन्यात ती फरशीवरचा चुरमुरा चार बोटांनी खरवडून गोळा करायला बघायची. चुरमुरा पुढे पळायचा. संक्रांतीनंतर बोरन्हाण केलं तेव्हा ती नऊ महिने पुरी करून दहाव्यात होती. काळं झबलं, हलव्याचे दागिने (तेही फोटोपुरतेच, कारण तोंडात जाण्याची धास्ती), पाटावर बसवलेली. डोक्यावरून मी फक्त चुरमुरे सोडले. बोरं, उसाचे करवे, गोळ्या, शेंगदाणे सगळं शेजारच्या मोठ्या मुलांच्या वाटणीला लांब ठेवलं. शेंगदाणा श्वासनलिकेत जाऊन दवाखान्यात पळापळ झाल्याचं आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. "असं कोरडं बोरन्हाण असतं का?" असं कुणीतरी म्हणालं.

पोरांचा धिंगाणा चालला होता आणि ही पाटावरून वाकली. पंजा जमिनीला टेकवला. तर्जनी एकटी बाहेर काढली आणि एका चुरमुऱ्यावर ठेवली, जराशी दाबली. अंगठा समोरून आला. चुरमुरा दोन्ही बोटांच्या टोकांत उचलला गेला. उचलल्यावर तिने तो डोळ्यांपाशी आणून फिरवून बघितला, मगच खाल्ला. दुसरा, तिसरा. मान वर नाही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांसमोर आली की माणसाचा हात कामाला लागला असं समजावं. त्या आठवड्यापासून आमच्या घराची फरशी मी जमिनीला नाक लावून तपासायला लागले. मुंगी, केस, पिन, रिमोटमधला बटणासारखा सेल, तुरीची डाळ. तिला सगळं दिसतं, आणि जे दिसतं ते उचलता येतं.

उरलं सोडणं. "दे, दे" म्हटलं की ती वस्तू धरलेला हात पुढे करायची, आपल्या तळव्यावर ठेवायचीही, आणि बोटं उघडायचीच नाहीत. पणजीबाईंना वाटायचं, पोरगी लबाड आहे. लबाडी कसली, तिला खरंच जमत नव्हतं. ओढून घेऊ नका, तळवा तसाच थांबवा, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. मग एकदा बोटं उघडली आणि चमचा खाली पडला. आवाज झाला. तिने खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं. पुढचे पंधरा दिवस घरात दुसरा उद्योग नव्हता. खुर्चीतून वाटी खाली, पोळीचा तुकडा खाली, आजोबांचा चष्मा खाली. झां प्याजे या स्विस अभ्यासकाने १९३१ साली जन्मलेल्या आपल्या मुलाचं, लोरांचं, हेच टिपून ठेवलंय: पोरगं हात लांब करून वस्तू टाकतं, मग हाताची जागा बदलून पुन्हा टाकतं आणि ती कुठे पडते ते बघतं. प्याजेने यातून मुलांच्या बुद्धीची उपपत्ती मांडली. आमच्या घरात "उचलणार कोण?" एवढाच विषय होता, पण ती सोडायचा सराव करतेय हे समजल्यावर मी निदान स्टीलच्या वाट्या काढून प्लास्टिकच्या दिल्या.

आता वर्ष झालंय आणि सोडण्याला नेम आलाय. वस्तू कशात तरी टाकायची, हा सध्याचा छंद. बापाच्या गाडीची किल्ली एका सकाळी तांदळाच्या डब्यात सापडली. ऑफिसला रिक्षाने जाऊन झालं होतं. एका ठोकळ्यावर दुसरा ठेवून हात अलगद काढून घेणं पंधराव्या महिन्याच्या आसपास जमतं म्हणतात, म्हणून मी लाकडी ठोकळे आणून ठेवलेत. आज ते मी वॉशिंग मशीनमधून काढले, दोन मोज्यांत अडकलेले होते.