गलबताचा फोटो

१६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत आरमार उभारायला घेतलं. गलबत आपल्या ओळखीचं आहे ते असं. खोपटला माझ्या घरी वडिलांनी सागवानात केलेलं हातभर गलबत आहे. मोबाईलनं फोटो काढला, तर खेळणं दिसलं! का? नाळ मोबाईलपासून वीतभर, मागची बाजू तीन विती. म्हणून नाळ तिप्पट मोठी आली. शिवाय मी वरून पाहत होतो. मग सहा हात मागं सरलो, झूम केलं. मोबाईल गलबताच्या काठाच्या पातळीत आणला, जणू शेजारच्या होडीत बसलोय. फ्लॅश बंद ठेवून खिडकीचा उजेड एका अंगानं घेतला. फळ्यांचे सांधे उठून दिसले. तळाला कीड लागली आहे. लाकूड जाईल, नातवंडांना मात्र पणजोबांचं गलबत दिसावं, खेळणं नव्हे.