कारखान्यात घडणारे घर

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. गृहकर्ज विभागात काम करताना बांधकामाच्या जागी पाहणीस जाण्याचा योग वारंवार येतो. तुटक्या विटांचे ढीग, ओल लागून दगड बनलेल्या सिमेंटच्या गोण्या आणि अखंड वाहणारे पाणी हे दृश्य आता परिचयाचे झाले आहे. या नासाडीची किंमत घरमालक मोजतो, तशीच निसर्गही मोजतो.

‘प्रीफॅब’ म्हणजेच पूर्वनिर्मित घर हा यावरील एक उपाय होय. यात भिंती, छत, जिने, क्वचित संपूर्ण खोलीच कारखान्यात तयार होते व जागेवर क्रेनच्या साहाय्याने जोडली जाते. एकच पोलादी साचा अनेक वेळा वापरता येत असल्याने सेंट्रिंगच्या लाकडी फळ्या वाचतात. मापे आधीच निश्चित असल्याने साहित्य वाया जात नाही आणि परिसरातील धूळ व आवाजही कमी होतो.

आपल्या देशात या दिशेने मोठा प्रयोग झाला आहे. १ जानेवारी २०२१ रोजी केंद्र सरकारच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची पायाभरणी सहा शहरांत झाली. त्यांपैकी चेन्नई येथे पूर्वनिर्मित काँक्रीटच्या भागांतून १,१५२ घरे उभी राहिली आणि २६ मे २०२२ रोजी त्यांचे उद्घाटन झाले. रांची येथे तर संपूर्ण खोल्या स्वतंत्रपणे घडवून एकमेकींवर रचण्याची पद्धत निवडण्यात आली.

तथापि, प्रीफॅब म्हटले की घर आपोआप पर्यावरणस्नेही ठरते, असे नाही. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे, आणि काँक्रीट कारखान्यात ओतले तरी सिमेंट लागतेच. कारखाना दूर असल्यास वाचलेले इंधन वाहतुकीत खर्ची पडते. नंतर खिडकी हलवायची म्हटल्यास तयार भिंतच फोडावी लागते.

म्हणून ग्राहकांनी कारखान्याचे अंतर, सांध्यांतील गळतीचा बंदोबस्त आणि भिंतींची उष्णतारोधकता यांची आधी चौकशी करावी. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. गृहकर्जाचे हप्ते सामान्यतः जागेवरील प्रगती पाहून वितरित होतात. येथे मात्र जागा मोकळी दिसत असतानाच कारखान्यात मोठा खर्च होऊन गेलेला असतो. त्यामुळे करारापूर्वीच शाखेशी विचारविनिमय करणे हिताचे ठरेल.

घर पाहावे बांधून हे खरेच. पण हे घर बांधण्यापूर्वीच नीट पाहून घ्यावे लागते.