जुना पाळणा घासण्यापूर्वी

घरात बाळ येणार म्हटलं की माळ्यावरचा पाळणा खाली उतरतो. वरठीतच काय, भंडारा जिल्ह्यातल्या अनेक घरांत आजीच्या काळातले रंगवलेले पाळणे, चौरंग, देव्हारे असतात. पोपट-मोर पुसट झालेले, पोपडे निघालेले. मग कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन अंगणात घासायला बसतं. मला काळजी वाटते ती त्या भुकटीची.

रंगवलेल्या लाकडी वस्तूंसाठी आपल्याकडे सावंतवाडीचं नाव घेतात. तिथले चितारी खेळणी, पाट, गंजिफा रंगवत. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी मावळती गंजिफा राजवाड्यातच पुन्हा उभी केली. सुंदर काम आहे ते. पण पूर्वीच्या चित्रकारांची रंगपेटी म्हणजे जवळपास विषांची यादीच. पिवळ्या हरताळात आर्सेनिक, हिंगुळात पारा, शेंदरात आणि शिशाच्या सफेद्यात शिसं. (आपण ‘हरताळ फासला’ म्हणतो, तोच हा; पोथीतली चूक झाकायला लावत.) पुढे डब्यातला ऑइल पेंट आला, त्यातही शिसं असायचं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये.

रंग घट्ट बसलेला असेल तर धोका कमी. तो सुटू लागला, घासला किंवा चघळला गेला की शिसं पोटात जातं. दात येणारं बाळ पाळण्याची कडच चावतं, रांगणारं बाळ धुळीची बोटं तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. शरीर ते कॅल्शियमसारखं हाडात साठवतं आणि गरोदरपणात तेच रक्तात उतरून गर्भापर्यंत पोचतं. पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्त कमी होणं ही लक्षणं; पुष्कळदा तीही नसतात, मूल अभ्यासात मागे पडतं एवढंच. म्हणून तपासायला आलात की घरात जुना रंग घासल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्तातल्या शिशाची तपासणी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल, तर ते कुठून येतंय हे शोधून थांबवायला हवं.

कोरडं घासू नका, ज्योतीने रंग जाळू नका. काम करायचंच तर पृष्ठभाग ओला ठेवून, घराबाहेर, मास्क लावून. गरोदर बाई आणि मुलं लांब. भुकटी झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. खरं तर चित्र तसंच ठेवून पाळणा दिवाणखान्यात शोभेला टांगा आणि बाळासाठी बिनरंगाचा नवा घ्या.