मधुमेह्यांची पावले आणि मोबाइलचा कॅमेरा

आमचे मामू नमाजापूर्वी दिवसातून पाच वेळा पाय धूत. तरीही चपलेतून वर आलेला खिळा दोन दिवस तळव्यात रुतत होता, हे त्यांना कळले नाही. दीर्घ मधुमेहाने पायाची जाणीवच हिरावून घेतली होती. अखेर अंगठा गमवावा लागला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. तेव्हा ही एका घरची कहाणी नव्हे.

पाऊल दुखू लागले की निरोगी माणूस नकळत भार दुसरीकडे नेतो. बधिर पाऊल मात्र त्याच जागी पुन्हा पुन्हा दाबले जाते. तेथे घट्टा पडतो आणि घट्ट्याखाली जखम होते. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, हे आम्ही वर्गात शिकवतोच. भार साऱ्या तळव्यावर पसरला की एका जागेवरचा दाब उतरतो. पावलाच्या ठेवणीबरहुकूम बुटाचा आतला तळ घडविण्यामागे हेच शास्त्र आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पावलांसाठी मऊ रबराची पादत्राणे करवून घेतली, ती याच विचाराने.

असा तळ करण्यासाठी पावलाचा ठसा प्लॅस्टरमध्ये किंवा दाबल्या जाणाऱ्या फोममध्ये घेतात. आता मोबाइलनेही हे काम साधते. पावलाभोवती फिरून अनेक छायाचित्रे घेतली, की संगणक त्यांतील समान खुणा जुळवून घनाकृती उभी करतो. काही मोबाइल अदृश्य प्रकाशाचे हजारो ठिपके टाकून खोली मोजतात. नुसत्या छायाचित्रावरून आकार कळतो, माप कळत नाही. म्हणून पावलाजवळ २१० × २९७ मिलिमीटरचा कागद ठेवता येतो. त्या आकृतीवर तंत्रज्ञ उंचसखलपणा ठरवितो व यंत्र फोम कोरून किंवा थरावर थर चढवून तळ तयार करते. आकृती दूरच्या कार्यशाळेत क्षणात पोहोचते आणि पुढील तपासणीशी ताडून पाहता येते.

मात्र एक भ्रम नको. कॅमेऱ्याला आकार दिसतो, दाब दिसत नाही. त्यासाठी दाबमापक पट्टीवर चालवून पाहावे लागते. जाणीव तपासण्यासाठी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा पायाला टेकवतात. रक्तपुरवठाही डॉक्टरांनी पाहिला पाहिजे. जखम उघडी असेल तर आधी उपचार, मग तळ. शिवाय नवा तळ मावेल इतका खोल बूट हवा. अरुंद बुटात उत्तम तळही घातकच.

तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे: घरातील ज्या वडीलधाऱ्यांना वाकवत नाही, त्यांच्या तळव्यांचे छायाचित्र रोज रात्री घेऊन नीट पाहावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, बूट झटकून घालावेत. मामूही म्हणाले होते, 'दुखत तर नाही!' न दुखणे म्हणजे बरे असणे नव्हे, हे आम्ही उशिरा शिकलो.